वाणात आलेलं भेदऱ्याचं बी

आत्याबाई, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी टाप नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर, गेलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून गप्प बसले. ती बसले ती बसलेच. आता तुमची नात स्वतः आई झाली, तुमचा लेक नोकरीतून सुटून दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरतो, आणि तुमची सून वर्ध्याला सिंदी मेघेतल्या फ्लॅटमध्ये ओट्याशी स्टूल ओढून लिहायला बसली आहे. कागद तुमच्या लेकाच्या रक्ततपासणीचा आहे, मागची बाजू कोरी होती. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. म्हणून तर एवढी हिंमत करते आहे.

भांडण भेदऱ्यांवरून आहे, दुसऱ्या कशावरून असणार! इथला भाजीवाला टमाटर म्हणतो, तुमची नात पुण्यात राहून टोमॅटो म्हणायला लागली, पण आपल्या मागच्या वाडीत लागायचं ते भेदरंच. लिंबाहून जरा मोठं, देठापासून फाका पडलेलं, आणि साल एवढी पातळ की टोपलीत थरावर थर रचला की खालची फुटून रस गळायचा. म्हणून ते बाजाराच्या कामाचं कधी झालं नाही. वांगी, मिरच्या आणि तुमची नात कोथिंबीर म्हणते तो सांबार, सगळं कारंजाच्या बाजारात जायचं आणि भेदरं घरातच राहायची, माझ्यासारखी. तुम्हाला ती तुमच्या सासूनं दिली, तिला तिच्या सासूनं, असं तुम्ही सांगायचा. मुळात कोणाच्या माहेराहून आली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लेकींना बी मिळायचं, पण ते जपण्याची जबाबदारी सुनेची, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. थंडीची सकाळ आहे, लांब हायवेवरून ट्रकांचे हॉर्न ऐकू येताहेत, आणि तुम्ही चुलीपुढे पाटावर बसून हिरवी भेदरं विस्तवात भाजता आहात. शेजारी मिरच्या, लसूण. भेदरं फुटली की चर्र आवाज होतो, तुम्ही ती बोटांनीच उचलता, हात भाजत नाहीत तुमचे. मग खलबत्त्यात दाणे, मीठ, वरून सांबार चिरून टाकायचा. मामंजी ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चटणी खाताना डोळे मिटून घ्यायचे. यांनाही तीच लागायची. मी मात्र भाकर तेल-तिखटाशी खायची, आणि तुमचं लक्ष नसेल असं मला वाटायचं. एकदा तुम्ही माझ्या ताटाकडे न पाहताच म्हणालात, "काऊन वं, चटणी गोड नाई लागत का तुले?" मी म्हटलं, लागते ना. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला आधी वाढायला लागलात, आणि मीही मुकाट्यानं खाल्ली. मायेनं वाढलेलं नाकारायला माझ्या आईनं मला शिकवलंच नव्हतं. तिथूनच सुरुवात झाली असं मला आता वाटतं.

पहिल्या दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला. मी केव्हाची पिशवी भरून बसले होते. माहेरी पंधरवडाभर राहायचं, आईच्या हातचं खायचं, मैत्रिणीकडे जायचं, असे सगळे बेत ठरवलेले. तुम्ही त्याला चहा दिलात, गूळ-पोहे दिलेत, आणि म्हणालात, "भाऊबीज झाली का लगेच आणून सोडजो बापू. भेदरं फुलावर हायेत. पाणी कोण देईन थ्याईले?" भाऊ हसला, त्याला वाटलं तुम्ही थट्टा करता. तुम्ही थट्टा करत नव्हता. तुमचे गुडघे धरलेले, विहिरीवरून वाडीपर्यंत बादली नेणं तुम्हाला होत नव्हतं, न्हाणीचं पाणी काही सगळ्या आळ्यांना पुरायचं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परत. तेव्हापासून माझ्या माहेरच्या मुक्कामाचा हिशेब भेदऱ्यांवरून व्हायला लागला. पोळ्याच्या सुमाराला रोप टाकायचं, मग ते उपटून लावायचं, मग पाणी, मग तोडा, मग बी धरायचं. होळीपर्यंत हलायची सोय नाही. होळीनंतर जावं तर माहेरी पाण्याचे हाल. आई म्हणायची, तुझी सासू तुला फार जीव लावते, सोडतच नाही. खरंच होतं ते, तुम्ही जीव लावायचा.

बी धरायची तुमची रीत मी डोळे मिटून सांगू शकते. तोड्याच्या भरात सगळ्यात चांगल्या झाडाचं, मधल्या घोसातलं भेदरं ठेवायचं, त्याला लाल धागा बांधायचा, सुरकुत्या पडेपर्यंत झाडावरच राहू द्यायचं. मग त्याचा गर मडक्यात पिळून आंबवायचा, धुवायचा, ओलं बी चुलीच्या राखेत घोळायचं आणि ते एका चांगल्या वाळलेल्या गोवरीवर थापून, सुतळीनं बांधून, चुलीवरच्या खिळ्याला टांगायचं. धुरानं कीड लागत नाही. संक्रांतीला मागल्या सालचं उरलेलं बी खरवडून तुम्ही वाण म्हणून लुटायचा. दुसऱ्यांच्या घरी वाणात वाट्या, कंगवे, साबण. आपल्या घरी चिमूटभर राख. बाया हसायच्या, पण पदरात घ्यायच्या. कुंकू लावून घेतलं की कागदाची पुडी पुढे करायच्या. गावात असं एक घर नसेल जिथे आपली भेदरं पोचली नाहीत. तुमचा त्या दिवशीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वर्षभर कामाला जुंपलेली बाई, त्या एका संध्याकाळी राणीसारखी बसायची.

मामंजी गेले आणि तुमचं वाण बंद झालं. वर्ष सरल्यावर जी संक्रांत आली, तेव्हा आमचं वर्ध्याला यायचं ठरलं होतं. यांची नोकरी इथलीच, आठवड्याला खेपा करून कंटाळले होते. सिंदी मेघेत दोन खोल्या भाड्यानं बघितल्या होत्या, पोरीची शाळाही ठरली. तुम्हालाही संग यायला सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. माझी ट्रंक भरलेली होती, पलंगाखाली सरकवून ठेवलेली. मला त्या खोल्यांचा एक कोपरा फार आवडला होता. खिडकीशी जेमतेम एक खुर्ची बसेल एवढीच जागा. तिथे बसायचं, कोणाची वाट बघायची नाही, आणि आपली वाट बघणारंही काही नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हळदीकुंकवाला मीच बायांना बोलावलं, कारण आता घरची सवाष्ण मी. तुम्ही आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीला टेकून बसल्या होतात. विधवेनं पुढे यायचं नाही, ही आपली रीत. मी आत येऊन तुम्हाला तिळगूळ दिला, तेव्हा तुमचे डोळे कोरडे होते आणि ते मला जास्त लागलं.

मग तुम्ही उठलात. दाराच्या चौकटीपर्यंत आलात, तिच्याबाहेर पाऊल टाकलं नाहीत. गोवरी तुमच्या हातात होती. तुम्ही म्हणालात, "आयका वं बायांनो. आतापासून हे वाण माही सून लुटीन. बी तिच्या हातचं. मी मेली तरी बंद पडणार नाई, हे तुमच्या समोर सांगून राह्यली." आणि गोवरी माझ्या ओटीत घातलीत. सगळ्या बाया "नशिबाची हाय वं पोरगी" म्हणत माझ्याभोवती जमल्या, कोणी कुंकू लावलं, कोणी बोटं मोडली. शेजारची काकी रडायला लागली. मीही रडले. तुम्हाला वाटलं मानाचं रडू आहे. त्यात थोडं तेही होतं, खोटं कशाला बोलू? नवरा गेलेल्या बाईनं आपलं उरलेलं सगळं माझ्या ओटीत टाकलं होतं, ते कळण्याइतकी अक्कल मला होती. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं परत फळीवर रचलं. हे बघत उभे होते. म्हणाले, "राहू दे. माय हाय तोवर राहू." ते बिचारे पुन्हा खेपा करायला लागले.

एक विचारायचं आहे, आत्याबाई. पलंगाखालची ट्रंक तुम्हाला दिसली होती का? तुम्ही रोज झाडायचा ती खोली. मी कितीदा हा विचार केला आहे, पाणी घालताना, तण काढताना, संक्रांतीला पुड्या बांधताना. कधी वाटतं, तुम्ही मला बरोबर कैचीत पकडलंत, चारचौघींसमोर, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये. तसं वाटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. कधी वाटतं, तुम्हाला जे सगळ्यात मोलाचं होतं ते तुम्ही दिलंत, ट्रंकेचं तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं. मला वाटतं, दोन्ही खरं असावं. तुम्हालाही कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या सासूनं दिलं, तुम्ही घेतलं, आणि घेतलेलं आवडतं का, असा प्रश्न आपल्या घरात कोणी कोणाला केलाच नाही.

मग तुम्ही गेलात, श्रावण सरता सरता. पाऊस लागून राहिला होता. अंगणातली गोवऱ्यांची रास खालपर्यंत भिजलेली, सरणाला कोरड्या गोवऱ्या पाहिजेत म्हणून माणसं घरात शिरली. दिसली ती कोरडी गोवरी उचलून बैलबंडीत टाकली. चुलीवरच्या खिळ्याची गोवरी सगळ्यात कोरडी. पुरुषांना काय माहीत? आम्ही बाया तुमच्याजवळ बसलेल्या, चुलीकडे कोणाचं लक्ष नाही. राख सावडून आल्यावर तुमच्या लेकीनं विचारलं, "वहिनी, मायचं बी कुठी हाय? रोप टाकाची येळ झाली." आम्ही दोघी चुलीपाशी गेलो तर नुसता खिळा. ती कपाळावर हात मारून मटकन खाली बसली आणि हंबरडाच फोडला, "माय आपल्या संगंच घेऊन गेली वं!" घराघरात हेच बोलणं झालं, सासूनं बी संग नेलं. मी तोंडावर पदर घेतला. लोकांना वाटलं सून फार कळवळली. पदराआड मी मोठा श्वास घेत होते. तुमच्यासाठी मी रडले, आत्याबाई, खूप रडले. पण त्या रिकाम्या खिळ्याकडे बघून माझ्या मनात आलं की झालं, सुटलो, तुम्हीही आणि मीही. तेरवी झाली की वर्ध्याला, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

तेरवीला पाऊस उघडला. पंगती उठल्या, माणसं पान-सुपारीला बसली आणि मागच्या दारानं बाया यायला लागल्या. मला वाटलं भेटायला आल्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी. कोणी ओल्या फडक्यात, कोणी पळसाच्या पानात, कोणी फुटक्या मगात. भेदऱ्यांची रोपं. आम्ही पोळ्याजवळ टाकायचो, बाकीच्या बाया आधीच टाकून मोकळ्या झालेल्या, त्यांची रोपं वीतभर वाढली होती. शेजारची काकी सगळ्यांच्या पुढे. "घे वं. तुह्या सासूचंच बी हाय. तिनं आमाले देल्लं, आमी तुले देतो. तुह्या घरातून जाऊन कसं चालीन?" तिचे हात चिखलानं माखलेले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही एवढी रोपं जमली. तुमची लेक एकेकीच्या गळ्यात पडत होती. हेही आले, म्हणाले, "पाह्य, मायची पुण्याई." सगळं गाव माझ्या मागच्या दाराशी उभं, आणि मी काय म्हणू? मला कुदळ द्या म्हटलं. तेरवीच्या दिवशी, नव्या लुगड्यात, गुडघाभर चिखलात बसून मी ती सगळी रोपं लावली. एवढ्या प्रेमानं मला कोणी कधी कोंडलं नव्हतं.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, सगळी सारखीच गेली. पोर शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. तिच्या बाळंतपणाला पुण्याला गेले तर गावाहून फोन, काकू, भेदरावर अळी पडली, कधी येता. कोणी घरी आलं की भेदरं, कोणाकडे गेलं की भेदरं, माझी ओळखच ती. मला शिवण येत होतं, लग्नाआधी आमच्या गावात कपड्याला चेन बसवायला मीच पहिली शिकले होते, हे आता मलाच आठवावं लागतं. एका हिवाळ्यात तुमच्या नातीनं वाडीत उभं करून माझा मोबाइलवर व्हिडिओ काढला. "आई, याला हेअरलूम म्हणतात, लोक शोधत फिरतात. तू काही बोल ना." मी काय बोलणार, रोप कसं टाकायचं ते सांगितलं. तिनं खाली लिहिलं, माझ्या आईचं पहिलं प्रेम. तिच्या मैत्रिणी अजून बी मागतात. नंतर एकदा तिनं एका परदेशी भेदऱ्याचा फोटो पाठवला, हिरवंच राहतं आणि वरून कागदासारखं टोपडं असतं, आपल्या बांधावरच्या रानफळासारखं. "आई, हे पण लावायचं का? तुला आवडेल." मी घाईघाईनं फोन पालथा घातला. पोरगी गुणाची आहे, आत्याबाई. तुमच्यासारखीच आहे.

यांची नोकरी संपली तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, आता खेपा करायचं कारण नाही, पण मला वर्ध्याला राहायचं आहे. यांना नवल वाटलं, पण फ्लॅट घेतलेलाच होता, म्हणाले चालेल. प्रश्न वाणाचा. तुमच्यासारखं चारचौघींसमोर कोणाच्या ओटीत टाकायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. काकीची नातसून हुशार, तिच्याकडे मी एकटीच गेले. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. म्हटलं, हे बी आहे, दर साली धरावं लागतं, संक्रांतीला लुटावं लागतं. तुला पाहिजे असेल तर घे, नको असेल तर नको म्हण. तिनं मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "नाई काकू, मले नाई जमत. एवढ्या ऑर्डरी हायेत. बी तं समद्याईच्या घरी हाय, कोणी ना कोणी लावतेच." बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही, कोणी रडलं नाही, तिनं मला चहा केला. मी तो चहा पिऊन घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. नाही म्हणायला एवढाच वेळ लागतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर? मला त्या पोरीचा राग आला, मग तिचा हेवा वाटला, मग तिच्याबद्दल फार बरं वाटलं.

होळी झाल्यावर आम्ही कुलूप लावून इथे आलो. पहिले महिने कसे गेले म्हणून सांगू! सकाळी उठायचं तर कोणाला पाणी घालायचं नाही. भाजीवाल्याच्या गाडीवरचे टणक, रबरासारखे टमाटर मी मुद्दाम घेतले; बी नाही, रस नाही, चव नाही, आणि देवाशपथ मला ते गोड लागले. उन्हाळ्यात भावाकडे जाऊन महिनाभर राहिले, कोणी फोन केला नाही. संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, खाली कोणीतरी स्कूटर पुसत असतो. त्यात बघण्यासारखं काही नाही. मी तेच बघत उभी राहायची, हात कठड्यावर ठेवून, मोकळे. पोळा आला आणि गेला तरी माझ्या नखांत माती नव्हती. मी शेजारणीकडून शिवणाच्या क्लासचा पत्ताही घेऊन ठेवला होता.

परवा हे गावाला गेले. म्हणाले, कवेलू फुटलेत का पाहून येतो, पावसानं घर गळत असेल. काल परत आले तेव्हा मी क्लासवालीकडे गेले होते. परत येऊन दार उघडलं तर हॉलमध्ये मातीचे डाग, आणि हे गॅलरीत उकिडवे बसलेले. रंगाचे रिकामे डबे, त्यांना खालून भोकं पाडलेली, गावाहून पोत्यात भरून आणलेली काळी माती, आणि भेदऱ्यांची रोपं. काकीच्या घरून मागून आणलेली. या वयात तो माणूस मातीचं पोतं घेऊन तीन जिने चढला होता. घामानं शर्ट भिजलेला, चेहरा मात्र असा फुललेला, की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. "तू रोज सांजेला इथी उभी राह्यते, मी पाह्यत नाई का? मले समजते. तुले भेदरांबिगर करमत नाई, बोलत नाई तू, पण मले समजते." मी दारात उभी. तोंडात नाही हा शब्द आला होता, आत्याबाई, अगदी जिभेवर. त्या पोरीनं मशीनवरून मान न उचलता म्हटला होता तसा मलाही म्हणता आला असता. यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "बरं केलं जी."

आणि पुढचं ऐका. त्यांनी रोपं फार दाटीनं लावली होती, मुळं वर दिसत होती. मी पदर खोचला आणि खाली बसले. सगळी उपटून परत लावली, खोडाशी माती दाबली, ओंजळीनं पाणी घातलं. हे शेजारी बसून खूश होऊन बघत होते, मग त्यांनी पोरीला फोन लावून गॅलरी दाखवली आणि ती तिकडून टाळ्या वाजवायला लागली. मला कोणी हात धरून बसवलं नव्हतं. हात आपले आपणच चालत होते, त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. शिवणाचा क्लास सोमवार-बुधवार दुपारी आहे. आज सकाळी हे म्हणाले, दुपारी डब्यांवर ऊन येते, सावलीला कापड बांधायला लागेल, तू घरी राहशील ना.

हे पाठवायचं कुठे! हे उठायच्या आत कागद फाडून भाजीच्या देठांत मिसळीन, उद्याच्या कचऱ्याच्या गाडीत जाईल. जाता जाता एकच सांगते. काल लावताना एक रोप मी मागे ठेवलं होतं, चांगलं होतं, मुळाला मातीही होती. ते मी कठड्यावर उघडं टाकलं, आणि आज दुपारी ऊन आलं तेव्हा स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले. आधी पानं लोंबली, मग शेंडा वाकला. तेव्हाही मातीत रोवून तांब्याभर पाणी घातलं असतं तर संध्याकाळपर्यंत उठून उभं राहिलं असतं, हे तुमच्याखालोखाल मलाच ठाऊक. भरलेला तांब्या माझ्या हातात होता. मी तो पिऊन टाकला.